ओतकाम

कथा अशी सुरू होत नाही:
'ती तेरा वर्षांची होती.'
तेरा वर्षांची ती होतीच,
पण त्या दुपारी तिच्या ते ध्यानात नव्हतं.

सुरू होते मधूनच.
उद्यमनगर, तिसरी गल्ली,
डब्याचं झाकण सैल, आमटी पोटरीवर
लेथचा आवाज दातांत
भूगोलाची वही घरी राहिली
उद्या सोमवार म्हणजे कारखाना बंद म्हणजे बापू घरी म्हणजे
नको सोमवार
आणि दस्तगीरकाका दारात कसा नाही
रोज असतो

फळ्यावर मी लिहिते: संज्ञाप्रवाह.
गडहिंग्लजची एक मुलगी हात वर करते,
मॅडम, पूर्णविराम नाही दिला तर मार्क जातात का?

जातात, बाई.

पंपाची बॉडी पोकळ कशी होते
ते दस्तगीरकाकानंच दाखवलेलं.
वाळू तेलात मळायची, भाजायची,
तो गड्डा साच्यात मधोमध बसवायचा.
त्याला म्हणायचं कोअर.
लोखंडाचा रस त्याच्या भोवतीनं फिरतो.
निवलं की ठोकून ठोकून वाळू बाहेर.
'जे ऱ्हायाचं न्हाई
तेच आधी नीट करायचं असतंय, पोरी.'

चौथ्या खर्ड्यात मी अपघात काढला.
रस उडाला ते काढलं.
उजवा डोळा काढला
(हे वाक्य तसंच राहू दे).
ओल्या पोत्याचा वास तेवढा ठेवला,
आणि कुणीतरी भट्टीपाशी
माझ्या हातातला डबा घेतला, पालथा केला,
त्यात पाणी आणलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांचं कार्ड आलं:
मधला भाग टपालात गहाळ झालाय का?

रात्री बापूनं फुलस्केप कागद आणला.
जेवला नाही. स्टोव्हजवळ बसला.
'लिही. तुझं अक्षर बरं हाय.
सही मी करतो.'
मालकांनी सांगितलेलं तो आठवून आठवून सांगत होता,
पाढा म्हणावा तसा,
आणि मी लिहीत होते:
चष्मा पुरवण्यात आला होता.
कामगाराने तो वापरला नाही.

खिळ्याला एकच चष्मा होता. त्याची एक काच
गणपतीच्या आधीपासून फुटलेली.
मी रोज बघायचे. मी लिहिलं.
विचारलं फक्त एवढंच:
'निष्काळजीपणा'मधला 'जी' पहिला की दुसरा?

बापूला काय ठाऊक.
मी उठले, कोश काढला, पान शोधलं.
दुसरा.

ही माझी पहिली कथा.
छापून आली नाही, पण चालली.

पाचव्या खर्ड्यात 'ती'ची 'मी' केली,
सहाव्यात पुन्हा 'ती'.
'मी'ला हात फुटतात,
'ती'ला नुसतं अक्षर असतं.
अविश्वसनीय निवेदक, मी फळ्यावर लिहिते.
मुलं उदाहरण मागतात.
मी दुसऱ्याच कुणाच्यातरी गोष्टीतलं देते.

सहा वर्षांनी शिरोली नाक्यावर
माझी सायकल बसली.
पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवत
त्यानं मान जरा जास्तच वळवली,
डाव्या डोळ्यात मी मावावी म्हणून.
'सुमन न्हवं? मानेंची?
अजून अक्षर तसंच हाय का गं?'

बुडबुडे एका जागी येत होते.
त्यानं तिथं अंगठा ठेवला.

त्याला माहीत होतं, की नव्हतं,
इथं थांबायचं, असं मी शिकवते.
वाचकाच्या हातात सोडायचं.

पण मी दोनची नोट दिली होती
आणि त्यानं चंचीतून रुपया काढून परत दिला,
शाळकरी पोरांचा भाव लावला.
मी तेव्हा कॉलेजात होते.
तसं सांगितलं नाही.
तो रुपया घेतला.

कुठल्याच खर्ड्यात तो बसत नाही.